राखणदाराला राखणदारांचं गाऱ्हाणं

बा देवा वेतोबा, आरवलीच्या राजा! तुझ्यासोबत सातेरी आई, रवळनाथ, बारापाचाची सगळी देवस्थानं आणि आज आम्ही जिथे उभे आहोत त्या भिवंडीच्या भुईचा जागेवाला, सगळ्यांना हाक मारून हे गाऱ्हाणं घालतो. रात्रपाळीची हजेरी लागली आहे. दिवसपाळीवाल्यांनी चाव्यांचा जुडगा, टॉर्च, वॉकी आणि नोंदवही ताब्यात देऊन घरची वाट धरली आहे. आम्ही एक वेंगुर्ल्याकडचा, एक बीडचा, एक जळगावचा, दोघे बिहारचे आणि लेडी गार्ड मावशी पालघरची. ज्याचा त्याचा देव वेगळा. पण गाऱ्हाणं घालायची रीत माझ्या मुलखाची, म्हणून पुढे मी बोलतो आणि मागून हे सगळे साथ देतात. बिहारची पोरंसुद्धा आता बरोबर जागेवर साथ देतात. ऐकून घे.

होय महाराजा!

तुझ्यापुढेच का, तेही सांगतो. तुझ्या देवळात भाविक केळ्यांचे घड आणतात आणि चामड्याच्या मोठाल्या चपला वाहतात. रात्री तू गावाच्या राखणीला फिरतोस आणि फिरून फिरून त्या चपला झिजतात, अशी आमच्या माणसांची श्रद्धा. म्हातारी माणसं पोरांना तो झिजलेला तळ दाखवतात आणि म्हणतात, "बघ, देव राती फिरान इलो." देव पुष्कळ आहेत आणि सगळे मोठे आहेत. पंढरीचा विठोबा युगं झाली विटेवर उभा आहे. आमच्या भाषेत ती पॉइंट ड्युटी, तीही सोपी नाही. पण राउंड मारणारा देव म्हणून आम्हाला तूच जवळचा. पायात गोळे आल्यावर माणूस काय बोलतो, ते तुला निराळं समजावून सांगावं लागणार नाही.

होय महाराजा!

आमची साईट तुझ्या हद्दीबाहेरची, म्हणून तिची खूण सांगतो. मुंबई-नाशिक महामार्ग सोडून आत वळलं की पत्र्याच्या गोदामांची रांग लागते. पूर्वी इथे भातशेती होती. आता बांधांच्या जागी कंपाउंडच्या भिंती आहेत. पुढे मेन गेट, मग वजनकाटा, त्याला लागून आमची केबिन. मागच्या अंगाला भिंत, भिंतीवर काटेरी तार, तारेपलीकडे झुडपं आणि पाणी. आत पंखे आहेत, मोबाईल आहेत, औषधं आहेत, कापडाचे तागे आहेत. चलनावर लिहिलेलं असतं तेवढंच आम्हाला कळतं. माल कोणाचा, पुढे कुठल्या गावाला जाणार, मालक दिसायला कसा, काही ठाऊक नाही. तरी दिवस उगवेपर्यंत त्याला जबाबदार आम्ही.

ट्रक आला की गाडीचा नंबर, चालकाचं लायसन, चलन, पेट्यांची मोजणी आणि दाराचं सील. सीलवरचा आकडा कागदावरच्या आकड्याशी जुळला तर गाडी आत, नाहीतर बाजूला. देवा, हे आकडे वाचताना आमची नजर चळू देऊ नको. धुळीने माखलेल्या पट्टीवरचा 8 आम्हाला 3 दिसू नये. "जाऊ दे रे, उशीर होतोय" असं चालक म्हणेल, डॉकवरचा सुपरवायझर म्हणेल. त्यांची घाई आमच्या डोळ्यांत शिरू देऊ नको.

होय महाराजा!

आता मुख्य मागणं. रात्र चांगली गेली याचा आमच्याकडे पुरावा एकच, की काही घडलं नाही. आणि जे घडलं नाही ते दाखवणार कसं? चोरी झाली की वरून विचारणा होते, "गार्ड काय करत होते?" वर्षभर चोरी झाली नाही की वरून विचार होतो, "एवढे गार्ड हवेत कशाला? दोन कमी करा." दोन्हीकडून आम्हीच सापडतो. तुझ्या फिरण्याला निदान चपलेचा तळ साक्ष देतो. आमच्या फिरण्याला एक नोंदवही आहे. तिच्यात तासातासाला वेळ घालायची, दोन शब्द लिहायचे आणि सही करायची. ते दोन शब्द म्हणजे "सर्व ठीक".

फार सोपे शब्द आहेत देवा. केबिनमध्ये पाय वर घेऊन, चहा पिता पिता, पुढच्या चार तासांचे एका बैठकीत लिहिता येतात. शाई तीच, अक्षर तेच, सही तीच. सकाळी फील्ड ऑफिसर पान उलटतो, त्याला फरक कळत नाही. एखाद्याच्या हातून असं एका रात्री झालं आणि काही बिघडलं नाही, की दुसऱ्या रात्री हात आपोआप तिकडे जातो. मग वही भरत जाते आणि कंपाउंडचा मागचा कोपरा महिनोन्महिने माणूस बघत नाही. म्हणून सगळ्यांच्या वतीने तुझ्याकडे मागतो, की आमच्या हातून लिहिलं जाणारं "सर्व ठीक" खरं असू दे. आधी पाय जाऊ देत, मग पेन चालू दे. आणि ठीक नसेल त्या रात्री "ठीक नाही" लिहायची छाती दे, मग सकाळी कोणाचं तोंड वाकडं झालं तरी चालेल.

कोपऱ्याकोपऱ्यावर आता क्यूआर कोडचे स्टिकर चिकटवले आहेत. मोबाईल धरला की वेळ थेट ऑफिसात उमटते. बरं केलं. माणूस तिथवर पोचला हे त्यावरून कळतं. पोचलेल्याने मान वर करून बघितलं की नाही, हे मात्र त्याचं त्याला आणि तुला.

होय महाराजा!

बघायचं काय, ते जुन्या लोकांनी आम्हाला शिकवलं. ते आमच्या अंगात मुरू दे. कुलूप लटकलेलं दिसलं म्हणून पुढे जाऊ नये, हाताने खेचून बघावं. शटर बंद असलं तरी वाकून खालची फट बघावी. भिंतीला टेकवलेली शिडी, भिंतीलगत उभा करून गेलेला टेम्पो, रचून ठेवलेली लाकडी पॅलेट, यांवर पाय देऊन माणूस वर चढतो. काल जळत असलेला दिवा आज बंद असेल तर बल्ब गेला म्हणण्याआधी खाली ओल्या मातीत पाऊल उमटलंय का ते बघावं. फोर्कलिफ्टच्या बॅटऱ्या चार्जिंगला लावतात तिथे खिडकी उघडी आहे ना, ते बघावं. पंपहाऊसमध्ये जाऊन प्रेशरचा काटा कुठे आहे तो वाचावा आणि जे दिसेल तेच लिहावं. विजेच्या पॅनेलजवळ थांबून नाकाने वास घ्यावा. वायर जळायला लागते तेव्हा धुराआधी वास सुटतो.

रोज त्याच वेळी त्याच वाटेने फिरू नये. टपून बसलेल्याला आमचं वेळापत्रक आमच्याआधी पाठ होतं. कधी उजवीकडून निघावं, कधी डावीकडून, कधी निम्म्यातून माघारी वळावं. टॉर्च सारखा पेटता ठेवला की समोरचा गोल तेवढा दिसतो आणि आपण कुठे आहोत ते दुसऱ्याला दिसतं. तो विझवून घटकाभर अंधारात उभं राहावं, डोळे सरावू द्यावेत, कान द्यावा. कुत्री एकदम भुंकायची थांबली तर तेही ऐकावं.

पहाटे तीनच्या पुढे डोळ्यांवर झापड येते. माणूस उभ्याउभ्या झोपतो, पाय चालत राहतात आणि दिसत काही नाही. त्या वेळेला तू आमच्या मागून चाल. पावसाळ्यात भिंतीच्या भोकांतून पाणी आत येतं आणि पाण्यामागून घोणस येते. तिलाही तुझ्याच राज्यात राहायचं आहे. तिची वाट आणि आमची वाट वेगवेगळी ठेव. गमबुटांची मागणी गेल्या पावसाळ्यापासून कागदावर आहे, ती मंजूर करायची बुद्धी ज्याला द्यायची त्याला दे.

होय महाराजा!

देवा, दुसरी फेरी मारायचा कंटाळा आम्हाला येऊ देऊ नको. पहिल्या फेरीत दिसतं ते नुसतं दिसतं. दुसऱ्या फेरीत काय बदललं ते कळतं. दूर अमेरिकेत, वॉशिंग्टनला, वॉटरगेट नावाच्या इमारतीत फ्रँक विल्स नावाचा 24 वर्षांचा रात्रपाळीचा रक्षक होता. 17 जून 1972 ची रात्र. राउंडवर त्याला तळघराच्या बाजूच्या एका दाराच्या कडीवर चिकटपट्टी लावलेली दिसली, दार लागू नये म्हणून. कामगारांची असेल म्हणून त्याने ती काढून टाकली. तिथेच विषय संपला असता. पण तो पुन्हा फिरून आला आणि त्याच कडीवर त्याला नवी पट्टी दिसली. त्याने पोलिसांना फोन केला. वर एका राजकीय पक्षाच्या कचेरीत पाच जण सापडले. त्या धाग्याने ओढत ओढत प्रकरण इतकं वर गेलं की ऑगस्ट 1974 मध्ये खुद्द राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना खुर्ची सोडावी लागली.

विल्सच्या हातात त्या रात्री बंदूक नव्हती, अधिकार नव्हता. होती ती दुसरी फेरी आणि एक फोन. त्याचं पुढे काय झालं, तेही तुझ्या कानावर घालतो. त्याला धड टिकाऊ काम मिळालं नाही. 2000 साली तो हलाखीत गेला. त्याचं तुझं देऊळ वेगळं असेल, पण राउंड मारणारा होता, तेव्हा तुझाच माणूस. जिथे असेल तिथे त्याला सावली दे. आणि जो कोणी आपलं काम चोख करतो त्याला त्याची शिक्षा भोगावी लागू नये, एवढं बघ.

होय महाराजा!

आगीचं भय सगळ्यांत मोठं. पुठ्ठा, प्लास्टिक, कापड, गोदामात दुसरं असतं काय? तशी वेळ येऊच देऊ नको. आलीच तर पहिल्या मिनिटाला आमची अक्कल ठिकाणावर ठेव. आधी ओरडू दे, आतली माणसं जागी होऊ देत, 101 ला फोन लागू दे. मग बाहेरचं दार पाठीशी ठेवून सिलिंडर हातात घेऊ दे, पिन निघू दे, फवारा ज्वाळेच्या बुडाशी बसू दे. विजेच्या आगीवर पाणी मारायची दुर्बुद्धी कोणाला होऊ देऊ नको. तापलेलं शटर उघडायला कोणी धावला तर त्याचा हात मागे ओढ.

आणि चाव्या, देवा! रात्री गोदामात हमाल झोपतात. गाव लांब, खोलीचं भाडं परवडत नाही. कधी कोणी सांगून जातो, "बाहेरून कुलूप घाल, माल इकडे तिकडे व्हायला नको." तेव्हा "नाही साहेब, आत माणसं आहेत" असं म्हणायला आमच्या जिभेत जोर दे. नोकरीच्या भीतीने ते कुलूप आमच्या हातून लागू नये. आणीबाणीच्या दारासमोर खोकी रचू पाहणाऱ्याशी भांडायची वेळ आली तर भांडण आमच्या अंगावर आलं तरी चालेल. आणि खरोखर गरज पडेल त्या क्षणी जुडग्यातली नेमकी चावी पहिल्याच झटक्याला हाताला लागू दे.

होय महाराजा!

गेटवरची कथा तुम्हा देवांना ठाऊकच आहे. पार्वतीने पोराला दारावर बसवलं. ऑर्डर एकच, आत कोणाला सोडू नकोस. प्रत्यक्ष शंकर आले. पोराने ओळखलं नाही, अडवलं, आणि डोकं गमावलं. वैकुंठाच्या दारात जय-विजयांनी सनकादिकांना अडवलं, त्यांना शाप मिळाला. म्हणजे देवांच्या घरीही गेटवाल्याचीच नोकरी धोक्याची! आमच्या गेटवर शंकर येत नाही, काळ्या काचांची गाडी येते. काच खाली होत नाही, हॉर्न तेवढा वाजतो. मग आतून आवाज येतो, "मला ओळखत नाहीस?" ओळखतो साहेब, पण रजिस्टरला सही हवी. अशा वेळी आमचा शब्द मऊ ठेव आणि बॅरियर खाली ठेव.

उलट बाजूही तुझ्यापासून लपलेली नाही. मोठी गाडी बघून आमचा हात सलामाला उठतो आणि सायकलवरच्या माणसाला आम्ही "ए, कुठे चाललास?" म्हणून दरडावतो. भंगार वेचणारी बाई, पार्सलवाला पोरगा, नाक्यावरचा बिगारी, सगळी आमच्यासारखीच पोटामागे आलेली माणसं. त्यांच्यापुढे आमची छाती फुगते. ती खोड मोडून काढ. झडती घ्यायची तर सगळ्यांची सारख्या रीतीने होऊ दे. बायकांची मावशीच घेईल, पडद्याआड, मानाने. गेटमध्ये शिरणाऱ्या कोणालाही आपण चोर आहोत असं वाटू देऊ नको.

होय महाराजा!

चोर सापडलाच तर काय, त्याचंही मागणं आहे. आम्ही पोलीस नाही. खांद्यावर पट्टी असली तरी वर्दी खाजगी आहे. आमच्या डोळ्यांदेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला पकडायची मुभा कायदा कोणाही नागरिकाला देतो, तेवढीच आम्हाला. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 40 प्रमाणे त्याला विनाकारण न रखडवता, फार तर सहा तासांच्या आत, पोलिसांच्या हवाली करायचं असतं. त्याला मारायचा अधिकार कुठल्या कलमाने आम्हाला दिलेला नाही. पण रात्रभराची चीड मुठीत येते, बाजूला चार टवाळ जमतात, कोणीतरी पहिली थप्पड मारतो आणि मग मोजदाद राहत नाही. तसं होऊ लागलं तर आम्हाला त्या माणसाच्या आणि जमावाच्या मधे उभं कर. तो तारेच्या गुंडाळीसाठी भिंत चढला असेल. गुंडाळी परत मिळेल, त्याचा जीव मिळणार नाही. आणि जमलं तर त्यालाही कुठेतरी कामाला लाव, म्हणजे आमची एक फेरी हलकी होईल.

होय महाराजा!

आता आमच्या पोटापाण्याचं. 2020 च्या टाळेबंदीत सगळ्या देशाला घरात राहा म्हणून सांगितलं, तेव्हा आम्हाला गेटवर राहा म्हणून सांगितलं. आम्ही राहिलो. टाळ्या वाजल्या, ऐकल्या. टाळ्यांनंतरचा हिशेब अजून बाकी आहे. 1969 मध्ये माथाडींसाठी कायदा झाला, त्याच वाटेने 1981 मध्ये महाराष्ट्राने खाजगी सुरक्षा रक्षकांसाठी कायदा केला, मंडळं नेमली. मंडळात नोंद असलेल्या भावाचा पगार मंडळामार्फत हातात येतो, फंड जमा होतो. आमच्यातले कितीतरी त्या दाराबाहेर एजन्सीच्या मर्जीवर उभे आहेत. 2005 च्या केंद्रीय कायद्याखालच्या नियमांत रक्षकाला 160 तासांचं प्रशिक्षण सांगितलं आहे, 100 तास वर्गात आणि 60 तास प्रत्यक्ष. कित्येकांच्या वाट्याला त्याऐवजी शिट्टी, टोपी आणि "जा, गेटवर उभा राहा" एवढंच येतं. कागदावरचे तास पोरांच्या अंगाला लागू दे.

बारा तासांची ड्युटी आठावर येऊ दे. जादा उभं केलं तर जादा तासांचे पैसे जादा दराने पडू दे. गणवेशाचे पैसे पगारातून कापणाऱ्याला सुबुद्धी दे. नाही आली तर हिशेबनीस दे. मावशीला शौचालयाच्या चावीसाठी पुरुषांच्या तोंडाकडे बघावं लागू नये. केबिनमध्ये एक खुर्ची आणि एक पंखा चालू राहू दे. रिलीव्हरची लोकल चुकू देऊ नको. तो आला नाही की डबल ड्युटी, आणि डबल ड्युटीत माणसाला माणूस दिसत नाही.

होय महाराजा!

आम्ही परक्याच्या मालापाशी जागे असतो, तेव्हा आमच्या घरांपाशी कोणी नसतं. बीडला एकाची आई एकटी आहे, बिहारला एकाची बायको दिवस भरलेली आहे, मावशीची पोर दहावीला आहे आणि रात्री दाराला आतून कडी घालून अभ्यास करते. त्या दारांवर तू उभा राहा. लांब पडतं, हे कळतं. पण तुला चालायची सवय आहे.

या गाऱ्हाण्यात शब्द इकडचा तिकडे झाला असेल तर पोटात घाल. कोणी आमच्या वाईटावर असेल तर त्याचं वाईट करू नको, त्याला एक महिना नाईटला पाठव. कंपाउंडमधल्या मालाला, मालाशेजारी झोपलेल्या हमालाला, भिंतीबाहेरच्या झोपड्यांना आणि गेटवरच्या आम्हाला सकाळपर्यंत सुखरूप ठेव. उजवा कौल दे, महाराजा. डावा दिलास तरी पहिल्या राउंडची वेळ झाली आहे आणि निघायचं तर आहेच. तेव्हा सोबत चल.

होय महाराजा!